दहाव्या माणसाची जागा

समसन, तुझा कद्दीश झाला नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण तू समोर असतास आणि मी इकडचं तिकडचं बोलायला लागलो असतो, तर तू नेहमीसारखा मधेच म्हणाला असतास, "मास्तर, मुद्द्याचं बोल." तर मुद्द्याचं हे. तुला न्हाऊ घातलं, पांढऱ्या कपड्यात गुंडाळलं, शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत मातीत ठेवलं, सगळं तुमच्या रीतीनं झालं. फक्त मातीपाशी उभं राहून म्हणायची ती प्रार्थना राहिली. तिला तुमच्यातले दहा जाणते पुरुष लागतात, आणि त्या दिवशी नऊच जमले.

आज तुला जाऊन बारा दिवस झाले. शुक्रवारची संध्याकाळ आली की माझी शांता अजून स्वयंपाकघराच्या खिडकीतून तुझ्या खिडकीकडे बघते. रिबकावहिनी गेल्यावरही तू तो टांगलेला काचेचा दिवा दर शुक्रवारी तेल-पाणी घालून लावायचास, त्याची तिला सवय झाली होती. गेल्या शुक्रवारी दिवा दिसला नाही, तर ती कांदा चिरता चिरता थांबली आणि परत चिरायला लागली. घरात तुझ्याबद्दल बोलायला अजून जमत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

जेल रोडच्या या कॉलनीत आपण समोरासमोर राहायला आलो त्याला चौतीस वर्षं झाली. मी सामान लावून जिन्यात आलो, तर तुझ्या दाराच्या चौकटीवर एक बोटभर लांबीची नळी तिरकी ठोकलेली दिसली. मला वाटलं, बेल असेल. मी दाबून बघत होतो तेवढ्यात तू दार उघडलंस आणि म्हणालास, "अजून जोरात दाबा. बघू देव येतो का." मग आत बसवून सांगितलंस की त्यात तुमच्या धर्मवचनाचा कागद आहे, तुम्ही बेने इस्रायल, म्हणजे ज्यू. मी शाळेत गणित शिकवायचो, जगाचा नकाशा मला पाठ होता, पण नाशकात ज्यू राहतो हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं. तुझं आडनाव चौलकर. लोक विचारायचे, "कोकणातले का?" तू म्हणायचास, "हो, तिथंच उतरलो." लोकांना वाटायचं, एस्टीतून.

मला तू आवडलास याचं एक कारण मी तुला कधी सांगितलं नाही. कॉलनीत वर्गणीची पोरं आली की दोनच दारांपाशी घुटमळायची, तुझ्या आणि माझ्या. ज्यूकडे मागावी का, बौद्धाकडे मागावी का, हे त्यांना कळायचं नाही. आपण दोघंही बोलावून द्यायचो आणि ती गेल्यावर हसायचो. एवढी वर्षं मी त्या घुटमळण्याचा राग राग करत आलो होतो. तुझ्याबरोबर पहिल्यांदा त्यावर हसता आलं.

तू रेल्वेत गार्ड. शनिवार मोकळा मिळावा म्हणून आयुष्यभर दुसऱ्यांच्या रविवारच्या ड्यूट्या केल्यास. मी म्हणायचो, देवानं सहा दिवस काम करून विश्रांती घेतली, तू तर सातही दिवस या सुट्टीच्या मागे धावतोयस. तू रागवायचा नाहीस. चहाचा कप ठेवून ती गोष्ट सांगायला लागायचास, जी मी निदान पन्नास वेळा ऐकली असेल. दोन हजार वर्षांपूर्वी कधीतरी कोकणच्या किनाऱ्यापाशी जहाज फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या जिवंत किनाऱ्याला लागल्या. बाकीच्यांची प्रेतं वाहून आली ती त्यांनी पुरली. पोथ्या बुडाल्या, पुढे भाषाही गेली. उरलं काय, तर शनिवारी काम करायचं नाही, खवले नसलेला मासा खायचा नाही, आणि देव एकच आहे असं सांगणारी शेमाची एक ओळ. एवढ्या सामानावर शेकडो वर्षं काढली. तेलाचे घाणे चालवले आणि शनिवारी बंद ठेवले, म्हणून गावानं नाव पाडलं शनवार तेली. मग एक दिवस बाहेरचा कुणी ज्यू आला, त्याला संशय आला, म्हणून त्यानं बायकांपुढे मासे ठेवले. त्यांनी खवल्यांचे उचलले, बिनखवल्यांचे बाजूला केले. त्याला पटलं, ही आपलीच माणसं.

"मी मास्तर म्हणून सांगतो," मी म्हणायचो, "एवढ्याशा परीक्षेवर मी कुणाला पास केलं नसतं."

"त्यानं केलं," तू म्हणायचास.

"सुंभ जळला तरी पीळ जळत नाही तुमचा."

"पीळच तर वाचला, मास्तर. सुंभ कुठं काय राहिला?"

तुझ्या वडिलांची गोष्ट तू एकदाच सांगितलीस. ते देवळालीला नोकरीला असताना, महायुद्धाच्या दिवसांत, त्यांना तिथं पोलंडहून पळून आलेला एक शिंपी भेटला. ज्यू होता. तुझे वडील त्याला म्हणाले, मीही ज्यू. त्यानं वरपासून खालपर्यंत बघितलं. काळा माणूस, धोतर, डोक्याला टोपी, तोंडात पान. तो हसला आणि शिवायला लागला. तेव्हा तुझ्या वडिलांनी पान थुंकलं, चूळ भरली, डोळ्यांवर हात ठेवला आणि शेमा म्हटला. त्या माणसाचं मशीन थांबलं. त्याच्या गावात ते शब्द म्हणणारा एकही माणूस उरला नव्हता, आणि इथं नाशिक जिल्ह्यात एक पान खाणारा माणूस ते कोकणी हेल काढून म्हणत होता. दोघं त्या दुकानात बसून रडले, एवढंच तू सांगितलंस. मग उठून गॅलरीत गेलास. मी मागे आलो नाही.

तुमच्यात उपासाचा एक मोठा सण असतो, दारफाळणीचा. त्या दिवशी तुझं दार बंद. पांढरे कपडे घालून तुम्ही दोघं आत, परक्याशी बोलणं नाही. पहिल्या वर्षी मी चार वेळा दार वाजवलं. मला वाटलं, गॅस गळतोय की काय. दुसऱ्या दिवशी तू दार उघडून हसत म्हणालास, "काल तू देवाच्या दारात लय गोंधळ घातलास." पुढे सवय झाली. पण खरं सांगतो, त्या बंद दाराकडे बघून दरवर्षी मला आजोबा आठवायचा. माझा आजोबा काळाराम मंदिराच्या बंद दारापुढे सत्याग्रहाला बसलेला माणूस. त्याच्या कपाळावर दगडाची खूण होती, लहानपणी मी तिच्यावरून बोट फिरवायचो. बंद दार म्हटलं की आमच्या घरात एकच अर्थ. तुला हे मी सांगितलं होतं. तू म्हणालास, "ते दार तुम्हाला बाहेर ठेवायला बंद होतं. आमचं दार आम्हाला आत ठेवायला." मी म्हटलं, बाहेर उभ्या असलेल्या माणसाला दोन्ही दारं सारखीच दिसतात. तो वाद तिथंच राहिला.

अकरा वर्षांपूर्वी, होळीच्या सुमारास, रिबकावहिनी गेल्या. शेवटचे दोन महिने शांता आणि मी आळीपाळीनं त्यांच्याजवळ बसायचो, तुझी ड्यूटी असायची तेव्हा. त्या गेल्या त्या दुपारी मीच केलेला चहा दोन घोट पिऊन गेल्या. ठाण्याहून तुमची माणसं आली. दफनभूमीत, त्या बाभळीखाली, सगळे उभे राहिले आणि कद्दीशची वेळ आली. मी मास्तर, मला मोजायची सवय. बोट दाखवून मोजायला लागलो, एक, दोन, तीन. तू माझं बोट धरून खाली दाबलंस. तुमच्यात माणसं अशी मोजत नाहीत, माणूस काय मेंढरू आहे का. दहा शब्दांचं एक वचन आहे, एकेका माणसाकडे बघत एकेक शब्द म्हणायचा. ते वचन म्हटलं गेलं आणि शेवटचा शब्द उरला. तुला धरून नऊच भरले होते.

मी एक पाऊल पुढे आलो. मला त्यात काही विशेष वाटलंच नाही. दहावा हवा होता, मी होतो. तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "नाही मास्तर. तू बाजूला थांब."

सगळ्यांसमोर. मी बाजूला थांबलो. वहिनी कद्दीशवाचून गेल्या आणि मी घरी येऊन शर्ट न काढता पलंगावर पडून राहिलो. शांता म्हणाली, काय झालं. मी म्हटलं, आज मला माझ्या आजोबाच्या जागेवर उभं केलं.

त्यानंतर चार महिने मी तुझ्या घरात पाय ठेवला नाही. जिन्यात भेटलो तर मी मोबाईल काढायचो. तूही नाकासमोर बघून जायचास. तुझ्या नाकावरचा राग मला माहीत होता, माझ्या नाकावरचा तुला. शेवटी शांतानंच ते तोडलं. तुमचं जेरुसलेमचं जुनं मंदिर पाडलं गेलं, त्या शोकाच्या उपासाला तुमच्यात वालाचं बिरडं करतात, म्हणून तुम्ही त्याला बिरड्याचा रोजा म्हणता. वहिनींनी ते शांताला शिकवलं होतं. त्या दिवशी तिनं वाल सोलले, नारळाचं दूध काढलं, पातेलं उचललं आणि मला म्हणाली, "चला." मी म्हटलं, मी येत नाही. ती म्हणाली, "त्यांचं देऊळ पडून दोन हजार वर्षं झाली, तरी ती माणसं जेवतात, उठतात, कामाला जातात. तुम्ही दोघं म्हातारे चार महिन्यांवर अडून बसलात. लाज नाही वाटत?" मी गेलो. तू दार उघडलंस, पातेलं घेतलंस, आणि म्हणालास, "मीठ कमी असणार." बरोबर निघालं. मीठ कमीच होतं.

पण त्या दिवसाबद्दल तू बोलला नाहीस, मीही नाही. फक्त एकदा तू तुझ्या धाकट्या बहिणीची, साराची गोष्ट सांगितलीस, आणि मला कळलं की ती तू मला कशासाठी सांगतोयस. सारा तरुणपणी इस्रायलला गेली. तिथं लग्न ठरलं, तर तिथल्या धर्माधिकाऱ्यांनी विचारलं, तुझी आई ज्यू कशावरून, आईची आई कशावरून, तिची आई कशावरून. कोकणातल्या बाईकडे कागद कुठला असणार. ती दारात रडत उभी राहिली. तू म्हणालास, "मास्तर, इथं दोन हजार वर्षांत कुणी आम्हाला हाकललं नाही, कुणी मारलं नाही, कुणी विचारलं नाही तू खरा का खोटा. आमच्याच माणसांनी विचारलं. त्या दिवशी मी ठरवलं की मी इथून हलणार नाही, आणि नियमाचा एक धागाही उसवू देणार नाही. उद्या कुणी म्हणायला नको की, बघा, यांच्यात काहीही चालतं." मी तेव्हा म्हणायला हवं होतं की मी 'काहीही' नाही. मी चहाचा कप विसळायला उठलो.

शेवटची दोन वर्षं तुझी वाईट गेली. तुझी मुलगी लिया तिकडे इस्रायलमध्ये, अश्दोदला, नवरा आणि दोन लेकरं. सायरन वाजला की ती तळघरात जायची आणि तू इथं फोन हातात धरून खुर्चीत. द्वारका चौकात चहा प्यायला गेलो की ओळखीची माणसं तुला विचारायची. एक म्हणायचा, "तुमच्या लोकांनी भारी केलं." दुसरा म्हणायचा, "तुमचे लोक लहान पोरांना मारतात." तू एकदा दोघांनाही म्हणालास, "मी सेंट्रल रेल्वेचा गार्ड. मला हिरवा झेंडा आणि लाल झेंडा, दोनच कळतात." घरी येताना रिक्षात मात्र बोललास. म्हणालास, "टीव्हीवर ढिगाऱ्यातून पोरगं काढतात, ते कुठल्या बाजूचं आहे हे खाली लिहून येईपर्यंत मला ते लियाचंच वाटतं. आणि लिहून आल्यावरही वाटतच राहतं." यावर आपण वाद घातला नाही. या एका गोष्टीवर आपण वाद घालण्याइतके जवळ नव्हतो, किंवा फार जवळ होतो, मला माहीत नाही.

गुरुवारी दुपारी तू खुर्चीतच गेलास. शांता ताटली घेऊन आली तर पेपर मांडीवर आणि चष्मा हातात. मी लियाला फोन लावला. तिकडची विमानं त्या आठवड्यात बंद होती, आणि चालू असती तरी ती पोचली नसती. शनिवारी तुमच्यात माती देत नाहीत, आणि रविवारपर्यंत ठेवतही नाहीत. शुक्रवार मावळायच्या आत व्हायला हवं होतं. ती रडत होती, पण आवाज खंबीर ठेवून म्हणाली, "काका, ठाण्याला सांगा. दहा माणसं लागतील." मी म्हटलं, मला माहीत आहे. माझ्याइतकं ते कुणाला माहीत असणार.

ठाण्याच्या हझानांना, म्हणजे तुमच्या प्रार्थना सांगणाऱ्या गृहस्थांना, मी फोन केला. म्हातारा भला माणूस. म्हणाला, "दहा आणतो." दहा निघालेही. नऊ एका गाडीत, आणि दहावा पनवेलहून स्वतःची गाडी घेऊन. नऊजण दुपारी एकच्या पुढे पोचले. दहाव्याचा फोन आला की कसारा घाटात कंटेनर आडवा झालाय, गाड्या हलत नाहीत.

तुला त्यांनी न्हाऊ घातलं तेव्हा मी बाहेर होतो. त्यांनी मला बाहेर थांबायला सांगितलं नाही, मीच थांबलो. शांतानं कपाटातून पावडरचा तो जुना डबा काढून दिला, ज्यात सारानं पाठवलेली जेरुसलेमची माती होती. अर्धी वहिनींच्या डोळ्यांवर घातली होतीस, अर्धी स्वतःसाठी ठेवली होतीस. ती कुठं आहे हे तुझ्या मुलीला माहीत नव्हतं, शांताला होतं.

चार वाजता आपण दफनभूमीत होतो. दिवस लहान, सावल्या लांब व्हायला लागलेल्या. हझानांनी वचन म्हटलं, एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत. शेवटचा शब्द उरला. मी मोजलं नाही, समसन. हात खिशात ठेवले होते. साडेचारला परत म्हटलं, जसा काही मधल्या वेळात एखादा मातीतून उगवणार होता. परत तो शब्द उरला. दहावा अजून घाटात.

तेव्हा मला एक सुचलं. घोटीच्या पुढे एक लहानसं ध्यानकेंद्र आहे, मी तिथं दोनदा दहा-दहा दिवस बसलोय. तिथं इस्रायलची तरुण पोरं येतात, लष्करातून सुटली की डोकं शांत करायला. मी फोन लावला. ऑफिसातल्या मुलीनं बघून सांगितलं, "आहेत सर, एक जण आहेत." मी म्हटलं, त्याला ताबडतोब गाडीत घाल, मी पैसे देतो, माणूस मातीत जायचा थांबलाय. ती म्हणाली, "सर, त्यांचा सहावा दिवस आहे. मौन आहे. दहा दिवस कुणाला निरोपसुद्धा देता येत नाही. तुम्ही स्वतः बसलेले आहात, तुम्हाला माहीत आहे." मला माहीत होतं. मी बसलो होतो तेव्हा माझी सख्खी मावशी वारली होती, आणि मला ते अकराव्या दिवशी कळलं होतं. तेव्हा मी त्या नियमाचं कौतुक केलं होतं, तुझ्यासमोर, तुझ्याच घरात. मी फोन ठेवला. भांडायला तोंड नव्हतं.

पाच वाजून गेले. आलेल्यांमध्ये एक तरुण होता, चष्मा, पाठीला बॅग. तो हझानांच्या कानाशी लागला, पण मला ऐकू आलं. "हे सर इथंच आहेत ना. टोपी घालून उभे राहू दे त्यांना. कोण बघतंय? घरच्यासारखेच आहेत."

हझान काठी टेकत माझ्याजवळ आले. म्हणाले, "मास्तर, नियम आहे तो आहे. पण ही वेळही तशीच आहे. माझ्या वडिलांनी एकदा चालवून घेतलेलं मला माहीत आहे, पूर आला होता तेव्हा. मी यांना चौतीस वर्षं ओळखत नाही, तुम्ही ओळखता. तुम्ही सांगा. आत्ता समसनला विचारता आलं असतं, तर तो काय म्हणाला असता?"

मी तुझ्याकडे बघितलं. पांढऱ्या कापडात तू फार लहान दिसत होतास. मला अकरा वर्षांपूर्वीचं माझं ते पाऊल आठवलं. साराचं दारात उभं राहणं आठवलं, तो शिंपी, ते मासे, रविवारच्या सगळ्या ड्यूट्या. आणि खरं सांगू, मला उभं राहायचं होतं. तुला न्याय द्यावा म्हणून नाही, मला ती जागा हवी होती म्हणून. जिथून मला काढलं होतं तिथं सगळ्यांसमोर बोलावलं जात होतं. माझ्या आजोबाला असं कुणी कधी बोलावलं नाही. मला तुमचा नियम तेव्हाही पटला नव्हता, आजही पटलेला नाही. पण विचारलं होतं ते मला काय हवंय हे नाही, तू काय म्हणाला असतास हे. आणि तुझं म्हणणं मी माझ्या कानांनी ऐकलं होतं.

मी म्हटलं, "नाही म्हणाला असता."

आणि बाजूला जाऊन बाभळीपाशी उभा राहिलो. या वेळी कुणी सांगावं लागलं नाही.

नऊ जणांत जेवढं म्हणता येतं तेवढं त्यांनी म्हटलं. शेमा म्हटला. मी मूठभर माती टाकली, त्याला कुणाची हरकत नव्हती. पनवेलचा माणूस घाटातून सुटला, पण इगतपुरीपर्यंत येता येता सूर्य बुडाला, शब्बाथ, म्हणजे तुमचा कामबंदीचा शनिवार, लागला, म्हणून त्यानं गाडी तिथंच थांबवली आणि रात्र एका लॉजवर काढली. तो पुढे आला असता तरी उपयोग नव्हता, माती झाली होती. पण त्यानं नियम मोडला नाही हे ऐकून मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचा रागही आला. नऊजणही तुमच्याच नियमानं शनिवार संपेपर्यंत अडकले. काही तुझ्या घरात झोपले, काही माझ्या. त्यांनी ठाण्याला सिनेगॉगमध्ये रविवारी तुझ्या नावानं कद्दीश म्हटला, दहाहून जास्त माणसांत. मातीपाशी मात्र झाला नाही. त्या बाभळीखाली आता तुम्ही दोघं शेजारी, आणि दोघंही तसेच.

मी स्वतःची समजूत घालत होतो की तुझ्या बाजूनं मी एकदा तरी बोललो. चौतीस वर्षं प्रत्येक गोष्टीत तुझ्याविरुद्ध बोललो, आणि जेव्हा तू बोलू शकत नव्हतास तेव्हा तुझं म्हणणं मांडलं. ते मला खूप वाटत होतं. शांताला मी तसं म्हटलंही. ती म्हणाली, "केलंत ते बरोबरच केलंत." ती इतक्या पटकन कधी माझं बरोबर म्हणत नाही.

परवा लियाचा फोन आला. तुमचे सात दिवस पाळून झाले होते. तिनं सगळं विचारलं, मी सगळं सांगितलं. घाट, वचन, मौन, हझान. ती ऐकत होती. मग म्हणाली, "पण काका, तुम्ही होतात ना. मग दहा झाले."

मी म्हटलं, "बेटा, तुझ्या पप्पांना ते चाललं नसतं."

मग तिनं सांगितलं. म्हणाली, मम्मीच्या स्मरणाच्या दिवशी दरवर्षी पप्पांचा फोन यायचा, आणि दरवर्षी एकच बोलायचे. म्हणायचे, "त्या दिवशी मी मास्तरला बाजूला काढलं, ते माझं चुकलं. तुझ्या आईनं शेवटचा चहा त्याच्या हातचा प्यायला, आणि मी त्याला बाजूला काढलं. माझ्या वेळी नऊ झाले तर दहाव्या जागी त्याला उभं करा. मी हझानला सांगून ठेवतो."

मी विचारलं, "हझानांना सांगितलं होतं?"

"माहीत नाही काका. मला वाटलं, तुम्हाला तर सांगितलंच असेल."

मला नाही सांगितलंस, समसन. लियाला सांगितलंस, समुद्रापलीकडे, दरवर्षी. मी रोज संध्याकाळी तुझ्यासमोर बसायचो. मीठ कमी आहे हे तू सांगितलंस, माझा चष्म्याचा नंबर वाढलाय हे सांगितलंस, पंख्याला तेल घाल हे सांगितलंस. हझानांनी सगळ्यांसमोर विचारलं आणि मी छातीठोकपणे तुझ्या तोंडचा शब्द म्हणून माझा जुना राग त्यांना दिला. तुझं दार आणि माझं दार, मधे पाच पावलं. एकदा यायचं होतंस रे.